लोकशाही बाहेरून आणता येते काय?

(वर्धापनदिनी विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी लातूरच्या डाळ मिलमधला कामगार. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं वाचन पाळी सुटल्यावर. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

जेवणाच्या सुट्टीत मिलमधल्या एका पोरानं विचारलं, "काका, अमेरिकेनं २००१ साली अफगाणिस्तानात सैन्य घातलं, निवडणुका घेतल्या, बायांना हक्क लिहून दिले. २०२१ ला सैन्य निघालं आणि सगळं पुसलं गेलं. म्हणजे लोकशाही बाहेरून आणता येत नाही ना?" मी म्हणालो, बाबा, अफगाणिस्तान लांब आहे. आपल्या मराठवाड्याचंच बघ.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य निजामाच्या राज्यात शिरलं. १७ तारखेला निजाम शरण आला. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसचा लढा आतून चालू होताच, पण गादी हलली ती सैन्यामुळे. (हलली म्हणजे काय, तोच निजाम १९५६ पर्यंत राजप्रमुख होता!) मग १९५० ला संविधान लागू झालं, पहिल्या निवडणुकीत माझ्या आज्यानं मत दिलं. हे सगळं गावाबाहेरूनच आलं. गावाला विचारून आलं असतं तर आमची आजी पाणवठ्याच्या पायरीवर तरी चढली असती काय? म्हणून बाहेरून आलेलं सगळं वाईट, असं निदान आपण तरी म्हणू नये.

पण पुढचंही ऐका. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. ठराव मुंबईत झाला आणि घरं जळाली आमची. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. मी तेव्हा आठ वर्षांचा. आईनं आम्हा भावंडांना घेऊन रात्री शिवार गाठलं. एका मराठा शेतकऱ्यानं गोठ्याचं दार उघडलं, दोन दिवस भाकरी दिली. बाकीची दारं बंदच होती, तेही सांगितलं पाहिजे. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्याआधी १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं होतं.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बजावलं होतं की इथली जमीन मुळात लोकशाहीची नाही, लोकशाही तिच्यावर नुसती वरून पसरलेली आहे. संविधानाची नीती मुद्दाम रुजवावी लागेल. आपल्या भागात सैन्य येऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

आणि त्या दोन महिन्यांत काय झालं, ते आपण मुक्तिदिनाला बोलत नाही. रझाकारांनी जुलूम केला होता, खरंच आहे. पण त्याची फेड गावोगावच्या गरीब मुसलमानांकडून करून घेतली गेली. नेहरूंनी पंडित सुंदरलालांची समिती पाठवली. तिचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेल्याचा होता. सगळ्यात वाईट चार जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव. लातूर तेव्हा त्यातच होतं. मुसलमानांना जीव धोक्यात घालून वाचवणारे हिंदू शेजारीही समितीला भेटले. तो अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला गेला.

आता घरची गोष्ट. माझे वडील त्या वेळी दहा वर्षांचे. गावातलं पिंजाऱ्याचं घर लुटलं गेलं आणि त्यातली तांब्याची एक घागर आमच्या घरात आली. कुणी आणली ते वडिलांनी मला मरेपर्यंत सांगितलं नाही. आजीनं त्या घागरीत कधी पाणी भरलं नाही, माळ्यावर पालथी घालून ठेवली. पिंजाऱ्याची माणसं परत आली नाहीत. गाव सोडताना ती घागर आम्ही लातूरला आणली. ती कोणाची आहे, हे मी माझ्या पोरीला गेल्या वर्षी सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, त्यांचं कुणी असेल तर शोधायचं का?" आम्ही शोधतोय. इथं कुणाला त्या घराची काही माहिती असेल तर कार्यक्रम झाल्यावर मला भेटा.

जयभीम.