चार वह्या, चार आवाज आणि बंद दार

आजचा विषय आहे सोळाव्या शतकातलं युरोपातलं धार्मिक समूहगान. लगेच स्किप करू नका, पाच मिनिटं द्या. मी ख्रिश्चन नाही, मला लॅटिन येत नाही, दिवसभर कोड लिहिणारा माणूस आहे. तरी हे गाणं मला सोडत नाही, आणि माझ्यासारखे श्रोते जगभर आहेत. असं का? ‘ऐकून शांत वाटतं’ हे नेहमीचं उत्तर मला पुरत नाही. शांत तर पावसाच्या आवाजानेही वाटतं.

म्हणून आज एकच रचना घेऊ. विल्यम बर्ड या इंग्लिश संगीतकाराची चार आवाजांची मिस्सा. मिस्सा म्हणजे कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी. त्यातले ठरलेले लॅटिन शब्द बर्डने संगीतात बांधले.

आता गंमत बघा. बर्ड हा राणी पहिल्या एलिझाबेथच्या दरबारी चर्चमधला संगीतकार. १५७५ मध्ये राणीने त्याला आणि त्याचा ज्येष्ठ सहकारी थॉमस टॅलिसला संगीत छापायचा एकाधिकार दिला, तोही २१ वर्षांसाठी. म्हणजे माणूस एकदम आतल्या गोटातला. पण राणीचं चर्च प्रोटेस्टंट आणि बर्ड कॅथलिक! आणि त्या इंग्लंडमध्ये मिस्सा करणं हा गुन्हा होता. सरकारी चर्चमध्ये हजेरी लावली नाही तर १५८१ च्या कायद्याने महिन्याला २० पौंड दंड. १५८५ नंतर तर परदेशात दीक्षा घेतलेला कॅथलिक धर्मगुरू इंग्लंडमध्ये सापडला, की तो राजद्रोह. त्याला घरात आसरा देणाऱ्यालाही फाशी होऊ शकत होती.

अशा काळात, १५९२ ते १५९५ च्या सुमारास, बर्डने तीन मिस्सा छापल्या. एक तीन आवाजांची, एक चार, एक पाच. मुखपृष्ठ नाही, छापखान्याचं नाव नाही, साल नाही. पण पानापानावर स्वतःचं नाव मात्र आहे! मोठ्या चर्चमधल्या मोठ्या गायकवृंदासाठी हे नव्हतंच. एखाद्या कॅथलिक जमीनदाराच्या घरात, दार लावून, मोजक्या माणसांना गाता येईल असं हे संगीत आहे. धोका खरा होता. १६०५ मध्ये लंडनमध्ये एका फ्रेंच माणसाला पकडून तुरुंगात टाकलं, कारण त्याच्याजवळ बर्डच्याच दुसऱ्या संग्रहाच्या वह्या सापडल्या.

वह्या म्हटलं, तर तिथेच माझ्या मते या संगीताचं मर्म आहे. आज कॉयरमधल्या प्रत्येकाच्या हातात सगळ्यांचे भाग एकाखाली एक छापलेले असतात. तेव्हा तसं नव्हतं. प्रत्येक आवाजाची वही वेगळी, तिच्यात फक्त त्याचीच ओळ. मात्रांचे गट पाडणाऱ्या उभ्या रेघाही नाहीत. बाकीचे कुठे पोचले, हे कागदावर दिसतच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येकाकडे फक्त आपलं मोड्यूल. पूर्ण सिस्टिम कुणाच्याच स्क्रीनवर नाही, ती रनटाइमलाच उभी राहते. चुकलात तर कानानेच परत जागेवर यायचं. म्हणजे शेजारच्याचं ऐकल्याशिवाय तुम्ही गाऊच शकत नाही.

आणि बर्ड हे ऐकणं आपल्यालाही ऐकवतो. या मिस्साचा शेवटचा भाग, आन्यूस देई, लावून बघा. आधी फक्त दोन आवाज. एक ओळ सुरू करतो, दुसरा तीच उचलतो. मग दुसऱ्या विनवणीत तीन आवाज. तिसरीत चारही. या शेवटच्या विनवणीत शब्द येतात ते शांती मागणारे, आणि नेमकं तिथेच संगीत सगळ्यात जास्त दुखतं. तीन आवाज पुढे सरकतात, एक जुन्याच स्वरावर रेंगाळतो. दोन स्वर एकमेकांवर घासतात. मग रेंगाळलेला आवाज एक पायरी खाली उतरतो आणि सुटका होते. तेवढ्यात दुसराच कुणीतरी रेंगाळलेला असतो. हे असं शेवटपर्यंत चालतं.

फाशीच्या सावलीत बसलेली माणसं शांती मागताहेत, आणि ती मागणी एका मोठ्या आवाजाच्या हिरोला दिलेली नाही. चौघांत वाटून दिली आहे. कुणाचीही ओळ दुसऱ्याच्या मागची ‘साथ’ नाही. मला वाटतं, लॅटिन न कळणाऱ्याला, श्रद्धा नसणाऱ्याला जे पोचतं ते हेच. एकमेकांचा अंदाज घेत चाललेली चार माणसं आपण ओळखतो.

आता होमवर्क. आपल्या कानाला एकच चाल पकडायची सवय, म्हणून पहिल्यांदा सगळ्यात वरचाच आवाज ऐकू येईल. हरकत नाही. हेडफोन लावून दुसऱ्यांदा ऐका आणि फक्त सगळ्यात खालच्या आवाजामागे जा. तिसऱ्यांदा मधल्या दोघांपैकी एकाला धरा. तो हातातून निसटेल, पुन्हा सापडेल. पूर्ण भाग जेमतेम तीन-चार मिनिटांचा आहे.

कुठला आवाज धरलात आणि तो कुठे निसटला, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!