महारोहिणीच्या आडवाटा
(वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



विषय जरा जड आहे; पण गेल्या साली थोरल्या जाऊबाईंच्या आजारात तो मला समजून घ्यावाच लागला. हृदयातून निघून पोटात उतरणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी ती महारोहिणी. पोटात तिची रुंदी सुमारे 2 सेंटिमीटर. वाडीला पाणी देणाऱ्या जुन्या रबरी नळीला फुगवटा येतो, तसा तिलाही येतो. तो फुटला तर माणूस हाती लागणे कठीण. शास्त्रज्ञ आइन्स्टाइन 1955 साली याच दुखण्याने गेले. विडी-सिगारेट हे याचे एक मोठे कारण.

पूर्वी सबंध पोट उघडावे लागे. 1990 साली ब्यूनोस आयरिस येथे डॉ. हुआन पारोदी यांनी जांघेतील रोहिणीतून मिटलेली नळी वर नेऊन आतल्या आत अस्तर बसविले. तेव्हापासून जांघ हाच राजमार्ग झाला.

पण ते साधन साधारण 6 ते 8 मिलिमीटर जाड! आम्हां बायकांच्या रोहिण्या मुळातच पुरुषांहून बारीक. त्यात वयपरत्वे चुना साचतो, वळणे पडतात. जाऊबाईंचे तेच झाले. "जांघेतून जमणार नाही," हे ऐकताच घरच्यांनी डोळ्यांना पदर लावले. मी मात्र विचारले, "डॉक्टर, मग दुसरी वाट?"

वाटा असतात. निर्मळच्या यात्रेत हमरस्ता तुंबला, तर आपण वाड्यांमधून तळ्याकाठी पोहोचतोच की! ओटीपोटाच्या बाजूला छेद देऊन तेथील रुंद रोहिणीला कापडी नळी जोडतात आणि तीतून साधन आत नेतात. कधी गळपट्टीच्या हाडाखालच्या रोहिणीतून, कधी मानेतून. पण त्या वाटा मेंदूच्या रक्ताजवळून जातात, म्हणून पक्षाघाताची भीती अधिक. आणखी एक तर ऐकूनच माझ्या अंगावर काटा आला: जांघेतील रुंद शिरेतून वर जायचे, शेजारच्या महारोहिणीला भोक पाडून तीत शिरायचे आणि परतताना ते बुजवायचे! 2013 पासून माणसांवर हे होते, मुख्यतः हृदयाची झडप बदलण्यासाठी.

कोणती वाट घ्यावी हे फुगवट्याच्या चित्रावरून ठरत नाही. जांघेपासून खांद्यापर्यंतच्या रोहिण्यांचा सी.टी. स्कॅन पाहावा लागतो. एखादीला पोट उघडणेच बरे, असेही डॉक्टर सांगतात. पुरुषांत फुगवटा साधारण साडेपाच सेंटिमीटरचा झाला की हात घालतात. बायकांत तो लहान असतानाही फुटतो, म्हणून पाचलाच विचार करतात.

जाऊबाईंचे काम ओटीपोटाच्या वाटेने झाले. आता दर साल तपासणी, कारण अस्तराच्या कडेने रक्त झिरपू शकते. त्या कुरकुरतात, पण जातात.