बातमीतला कर्ता शोधताना
(माध्यमिक शिक्षकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला दिलेला विषय आहे, 'माध्यमशिक्षणाची शालेय पूर्वतयारी'. मघाशी चहाच्या वेळी आपल्यापैकीच एक मुख्याध्यापक मला म्हणाले, "आमच्या शाळेत संगणककक्ष आहे, माजी विद्यार्थ्यांनी एक चांगला कॅमेराही दिला आहे. मुलांना पत्रकारितेकडे वळवायचे तर आणखी कोणती साधने घ्यावीत?" मी त्यांना म्हटले, "कॅमेरा तूर्त कपाटात राहू द्या. एक दैनिक आणि व्याकरणाचे पुस्तक, एवढे बाहेर काढा." ते हसले. मी विनोद केला असे त्यांना वाटले असावे. तो विनोद नव्हता, एवढेच सांगण्यासाठी मी उभा आहे.

माझे निम्मे आयुष्य वृत्तपत्राच्या कचेरीत उपसंपादक म्हणून गेले. अलीकडची काही वर्षे पत्रकारिता शिकू पाहणाऱ्या मुलांना शिकवतो आहे. प्रवेशाच्या मुलाखतीत मी प्रत्येकाला आजची एखादी बातमी सांगायला लावतो. मुले सांगतात, अनेक जण उत्तम सांगतात. मग मी दुसरा प्रश्न विचारतो, "ही गोष्ट बातमीदाराला कशी कळली असेल?" इथे बहुतेकांचा आवाज बसतो. "सर, पेपरमध्ये आले होते," "सर, नेटवर होते," ही नेहमीची उत्तरे. बातमी म्हणजे कुणी तरी कुणाला तरी विचारून, कुठला तरी कागद पाहून, कुठे तरी उभे राहून मिळवलेली वस्तू आहे, ही जाणीवच त्यांच्यापाशी नसते. पदवीच्या तीन वर्षांत आम्ही त्यांना संपादन शिकवतो, ध्वनिमुद्रण शिकवतो, माध्यमांचे कायदे शिकवतो. परंतु ही एक जाणीव मात्र पंधराव्या वर्षी रुजली नसेल, तर पुढे रुजवताना फार कष्ट पडतात.

हे आपल्या अभ्यासक्रमात नाही, असे कृपया म्हणू नका. २०१८ साली दहावीचे जे इतिहासाचे पाठ्यपुस्तक आले, त्यात 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास' हा स्वतंत्र पाठ होता आणि त्याच्या पुढचाच पाठ मनोरंजनाच्या माध्यमांवर होता. मराठीच्या पुस्तकात उपयोजित लेखनाखाली बातमीलेखन आणि जाहिरातलेखन होते. सामग्री आपल्या हाती आहे. अडचण आहे ती आपण तिचे काय करतो याची.

बातमीलेखनाचाच प्रश्न घ्या. 'आपल्या शाळेत वृक्षारोपण कार्यक्रम झाला, त्याची बातमी तयार करा.' विद्यार्थी काय करतो? शीर्षक देतो, गावाचे नाव व दिनांक घालतो, एका प्रमुख पाहुण्याचे नाव मनाने ठरवतो, त्यांच्या तोंडी दोन वाक्ये घालतो, 'दोनशे रोपे लावण्यात आली' असे लिहितो आणि पूर्ण गुण मिळवतो. या सगळ्यात खरे काय आहे? पाहुणे नाहीत, भाषण नाही, रोपे नाहीत. जी गोष्ट करताना सापडलेल्या बातमीदाराला कोणताही जबाबदार संपादक त्याच दिवशी घरी पाठवील, ती आपण मुलांकडून करवून घेतो आणि वर शाबासकी देतो! मी परीक्षकांना दोष देत नाही. तीन तासांच्या कागदावर याहून वेगळे काय विचारता येणार? परंतु परीक्षेची सोय आपण वर्गातील शिक्षण म्हणून स्वीकारली, हा दोष आपला आहे. परीक्षेसाठी कल्पित बातमी लिहू द्या. पण महिन्यातून एकदा प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीची बातमी लिहून घ्या, आणि अट घाला की किमान दोन माणसांना विचारल्यावाचून एक ओळही लिहायची नाही. वृक्षारोपण झाले असेल तर रोपे मुलांनी स्वतः मोजावीत. तीन महिन्यांनी त्यातली किती जगली, तेही जाऊन पाहावे. ती दुसरी बातमी पहिलीपेक्षा मोठी असते. (मुख्याध्यापकांना ती नेहमीच आवडेल असे नाही, हे मला ठाऊक आहे.)

आता व्याकरणाकडे येतो. आपण प्रयोग शिकवतो. मुले कर्तरी, कर्मणी, भावे अशी पाठ म्हणतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्याच तासाला वर्तमानपत्र उघडा. 'जमावावर लाठीमार करण्यात आला.' 'रस्त्याकडेची झाडे तोडण्यात आली.' 'निधी वळवण्यात आल्याचे समजते.' मुलांना विचारा, कर्ता कोठे आहे? लाठी कुणी चालवली, झाडे कुणाच्या आज्ञेने तोडली, निधी कुणी वळवला? मराठी भाषेला ही एक फार सोयीची पळवाट लाभली आहे. वाक्य व्याकरणशुद्ध राहते आणि करणारा अलगद नाहीसा होतो. कधी त्याचे नाव बातमीदाराला खरोखरच कळलेले नसते, कधी कळूनही लिहायचे नसते. त्यातले नेमके काय घडले असेल, याचा विचार करणारा नववीतला मुलगा माध्यमशिक्षणाच्या पहिल्या वर्षाच्या पुढे गेलेला असतो.

क्रियापदांचेही तसेच. एखादा पुढारी 'म्हणाला', त्याने 'स्पष्ट केले', 'दावा केला', 'आरोप केला', 'कबूल केले'. बोलणे एकच, पण 'स्पष्ट केले' म्हटले की ते खरे आहे असे बातमीदारानेच मान्य केल्यासारखे होते. 'कबूल केले' म्हटले की त्याने काही लपवले होते असे सुचते. एका बातमीतील असे एकच क्रियापद बदलून मुलांना पुन्हा वाचायला सांगा. वर्गात जो कलकलाट होईल, तो थांबवू नका.

मला या गोष्टींचे महत्त्व कुठल्या पुस्तकातून कळलेले नाही. उमेदवारीच्या काळात एका रात्री अपघाताची बातमी दूरध्वनीवरून आली. बातमीदाराने गावाचे नाव सांगितले, पिंपळगाव. या नावाची गावे आपल्या राज्यात किती आहेत ते आपण जाणता. तालुका कोणता हे मी विचारले नाही. जो मनात आला तो लिहिला आणि अंक छपाईला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वृद्ध गृहस्थ कचेरीत आले. त्यांचा मुलगा त्याच रात्रीच्या गाडीने प्रवासाला निघालेला होता. बातमी वाचल्यापासून ते दोन रुग्णालये हिंडून आले होते. मुलगा सुखरूप होता; अपघात दुसऱ्याच पिंपळगावाजवळ झाला होता. ते मला एक शब्दही रागाने बोलले नाहीत. "साहेब, एवढे तरी विचारायचे होते," इतकेच म्हणाले. त्या वाक्याने मला जे शिकवले, ते नंतर कोणत्याही अभ्यासक्रमात मिळाले नाही.

माझ्यासारख्याची गोष्ट सोडा. थोरामोठ्यांनाही हा चटका बसलेला आहे. कोल्हापूरच्या खटल्याची हकीकत मुलांना अवश्य सांगा. तरुण छत्रपतींचा छळ होत असल्याच्या वार्तेने महाराष्ट्र अस्वस्थ होता. 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे १८८१ च्या जानेवारीत निघालेली, म्हणजे अगदी नवी. दिवाण बर्वे यांची म्हणून काही पत्रे हाती आली, त्यांवर विश्वासून मजकूर छापला गेला, बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि ती पत्रे बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांनी क्षमा मागितली. तरीही जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. सूट मिळून डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते बाहेर आले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिले. आपण ही कथा त्यागाची कथा म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. पण तिच्यातला दुसरा भाग गाळू नये. हेतू निर्मळ होता, छत्रपतींविषयीची कळकळ खरी होती, आणि कागद खोटा होता. कळकळ खरी असली म्हणून कागद खरा ठरत नाही. उलट जो कागद आपल्या मनातलेच बोलतो, तो तपासायला हात धजत नाही. आपण ज्यांना वंदन करतो, त्यांच्याच चरित्रातून हे सांगितले तर मुलांच्या मनात ते खोल उतरते.

याच्या जोडीला पाठ्यपुस्तकातील 'स्टर्न' या जर्मन साप्ताहिकाचे उदाहरण आहे. हिटलरच्या म्हणून सांगितल्या गेलेल्या रोजनिश्या त्याने नव्वद लाखांहून अधिक मार्क मोजून घेतल्या आणि एप्रिल १९८३ मध्ये गाजावाजा करून छापायला काढल्या. दोन आठवड्यांत पश्चिम जर्मनीच्या अभिलेखागाराने त्या बनावट असल्याचे जाहीर केले. कागदात व बांधणीत युद्धानंतरच्या काळातील द्रव्ये सापडली होती. तिकडे पैसा व घाई, इकडे कळकळ. चूक मात्र एकाच ठिकाणी झाली.

आणि आता प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. १ जुलै २०१८ या दिवशी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे आठवडे बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरून फिरत होते. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव भिक्षा मागत हिंडणारी ही माणसे. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. मर्यादा घालणे कंपनीचे काम झाले. पण तो संदेश पुढे पाठवणाऱ्यांत शाळा शिकलेली माणसे होती, आपल्याच वर्गांतून बाहेर पडलेली. 'हे कुणी पाहिले? कोणत्या गावचे मूल? पोलिसांत तक्रार आहे का?' हे तीन प्रश्न त्यांना कुणी शिकवलेले नव्हते. त्याच वर्षी केरळातील कन्नूर जिल्ह्यात सरकारी शाळांमधून खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग 'सत्यमेव जयते' या नावाने घेतले गेले. तेथे जे जमले ते आपल्याला जमू नये, असे काही नाही. आता तर यंत्राच्या साहाय्याने कुणाचाही आवाज, कुणाचाही चेहरा तयार करता येतो. डोळ्यांनी पाहिले म्हणजे खरे, हा आधारही गेला. प्रश्न मात्र तेच तीन राहतात.

आपल्यापैकी काहींच्या शाळा दुर्गम भागात आहेत. तिथे एकच वर्तमानपत्र येते आणि तेही दुपारच्या गाडीने. हरकत नाही, शिळे चालेल. रोजच्या परिपाठात एक मूल उभे राहून पाच ठळक बातम्या घाईघाईने वाचते आणि कुणीही ऐकत नाही, हा अनुभव सर्वांचा आहे. पाचांऐवजी एकच वाचू द्या. त्यानंतर त्या मुलाने एवढेच सांगावे, की ही गोष्ट बातमीदाराला कुणी सांगितली असे बातमीत लिहिले आहे. 'सूत्रांनी सांगितले' असेल तर तसे सांगावे. कुणीच सांगितलेले नसेल, तर तेही सांगावे. दोन दैनिके मिळत असतील तर एकाच घटनेची दोन्हींतील बातमी शेजारी ठेवा. २०0९ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी आपल्या राज्यातील वेगवेगळ्या दैनिकांत तोच मजकूर शब्दशः छापून आला होता, पी. साईनाथ यांनी तो शेजारी शेजारी ठेवला आणि 'पेड न्यूज'चे प्रकरण देशासमोर आले. त्यामागे कष्ट पुष्कळ होते, पण मुळाशी कृती हीच होती. ती आठवीतल्या मुलालाही करता येते.

६ जानेवारी हा दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. १८३२ साली त्या दिवशी 'दर्पण' निघाले, तेव्हा बाळशास्त्री जांभेकर विशीच्या आसपास होते. त्या पत्रात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारच्या स्तंभांत छापला जाई. पुढच्या ६ जानेवारीला प्रतिमेला हार घातल्यावर हा प्रयोग वर्गात करून पाहा: शाळेतील एकच घटना मुलांनी दोन भाषांत लिहावी. भाषांतर करताना जी वाक्ये अडतात, ती बहुधा पहिल्या भाषेतही नीट कळलेली नसतात, हे त्यांच्याच ध्यानात येईल.

आता माझे बोलणे पुरे. आपल्या खुर्च्यांवर आजच्या दैनिकातील एका कात्रणाची प्रत ठेवली आहे. काल झालेल्या आपल्या या वर्गाच्या उद्घाटनाची ती बातमी आहे. तीत 'शेकडो शिक्षकांच्या उपस्थितीत' असे म्हटले आहे. मी सकाळी नोंदवही पाहिली, कालच्या स्वाक्षऱ्या त्र्याहत्तर आहेत. माझा उल्लेख 'ज्येष्ठ संपादक' असा आहे. मी कधीही संपादक नव्हतो. दीपप्रज्वलन 'करण्यात आले', कुणी केले ते लिहिलेले नाही, आणि ज्यांनी केले ते आपल्यासमोरच बसलेले आहेत. पहिल्या रांगेतील ताईंनी कृपया बातमी मोठ्याने वाचावी. प्रत्येक वाक्यानंतर आपण थांबू, आणि ते बातमीदाराला कसे कळले असेल, ते सांगू.