उत्तरेचा मुलगा दक्षिणेंत

विद्येसाठीं परमुलुखांत जाणाऱ्या मुलाची पहिली चिंता पुस्तकांची नसते. जेवतांना शेजारीं कोण बसेल, आपली बोली ऐकून कोण हसेल, दुखलेंखुपलें तर कोण विचारील, ही त्याची खरी चिंता असते. पुण्या-मुंबईस शिकावयास आलेल्या कोंकणांतल्या वा वऱ्हाडांतल्या मुलालाहि ती ठाऊक असते. अमेरिकेंत १८८५ सालीं एक सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा असाच उत्तरेकडून दक्षिणेंत शिकावयास गेला. त्याचें नांव विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डु बॉइस.

मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील ग्रेट बॅरिंग्टन या लहानशा गांवीं १८६८ सालीं त्याचा जन्म झाला. गांवांत कृष्णवर्णीय कुटुंबें थोडीं. त्यामुळें शाळेंतले सोबती बहुतेक गोरेच. बाप लहानपणींच घर सोडून गेलेला. आई १८८५ च्या वसंत ऋतूंत वारली. मुलाचा ओढा हार्वर्डकडे होता, परंतु गांठीं पैसा नव्हता. अखेर हेडमास्तर व कांहीं चर्चें यांनीं मिळून टेनेसी संस्थानांतील नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठांत त्याची सोय लावून दिली. आप्तांना हें रुचलें नाहीं. ज्या भूमींत काल-परवांपर्यंत माणसें विकलीं जात होतीं, तेथें आपला मुलगा कां धाडावा, असें त्यांना वाटे.

यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें. त्यानंतर अवघ्या कांहीं महिन्यांनीं, जानेवारी १८६६ मध्यें, फौजेच्या जुन्या इस्पितळाच्या बराकींत फिस्कची शाळा उघडली होती. संस्था पैशांच्या अडचणींत आली, तेव्हां १८७१ सालीं तेथील मूठभर विद्यार्थी गाणीं म्हणत देशभर हिंडले, आणि पुढें विलायतेसहि गेले. गुलामगिरींत जन्मलेल्या त्या भजनांनीं मिळवून दिलेल्या पैशांतून ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली.

उत्तरेकडच्या मुलाला तेथें पाऊल टाकतांच हर्ष झाला. जेवणाच्या दालनांत चोहोंकडे आपल्याच वर्णाचीं माणसें! आजवर तो शेंकड्यांत एकटा होता. आतां शेंकड्यांतला एक झाला. पहिल्याच सत्रांत त्याला विषमज्वर झाला, तेव्हां सारी शाळा त्याच्यासाठीं चिंतातुर झाली. अंथरुणांतून उठला तेव्हां तो नवखा राहिला नव्हता.

उत्तरेंतील शाळेंत पाया पक्का झालेला असल्यामुळें त्याला एकदम दुसऱ्या वर्षांत घेतलें होतें. परंतु सोबत्यांपैकीं कित्येक वयानें पुष्कळ मोठे होते. कित्येकांचे आईबाप गुलाम होते. जें त्यानें केवळ ऐकलें होतें, तें त्यांनीं सोसलें होतें. गांवांत जातांना कांहीं विद्यार्थी पिस्तूल बाळगीत, हें पाहून तो थक्क झाला. एकदां रस्त्यांत एका गोऱ्या बाईला त्याचा नकळत धक्का लागला. उत्तरेच्या रीतीप्रमाणें टोपी उंचावून त्यानें क्षमा मागितली. तीच तिला उद्धटपणाची वाटली, आणि भर रस्त्यांत तिनें त्याचा अपमान केला. ग्रीक-लॅटिन येणाऱ्या त्या मुलाला दक्षिणेचें व्याकरण मात्र अजून यावयाचें होतें.

तें शिकण्यासाठीं त्यानें १८८६ व १८८७ च्या उन्हाळ्यांत खेड्यांत मास्तरकी केली. शाळा शोधीत तो मैलोगणती पायीं हिंडला. अखेर शिक्षणाची भुकेली अशी एक वीस वर्षांची मुलगी भेटली. तिच्याकडून डोंगरापलीकडच्या शाळेची वार्ता कळली. नेमणुकीच्या दिवशीं गोऱ्या अधिकाऱ्यानें त्याला जेवावयास थांबवून घेतलें. मात्र आधीं ते जेवले, मागून हा एकटा. शाळा म्हणजे ओंडक्यांची झोपडी, पूर्वींचें मक्याचें कोठार. बसावयास पाठ नसलेलीं फळ्यांचीं बांकें. मास्तरांची खुर्ची घरमालकिणीकडून उसनी आणलेली, रोज रात्रीं परत पोंचवावयाची. शेताचें काम निघालें कीं मुलें येत नाहींशीं होत. मग मास्तर घरोघर जाई आणि सिसेरोचें विद्येवरील भाषण साध्या बोलींत समजावून सांगे. मुलें येऊं लागत. आठवडाभरानें पुन्हां तेंच!

दहा वर्षांनीं तो त्या खेड्यांत परत गेला. झोपडीच्या जागीं फळ्यांची नवी शाळा उभी होती. ती मुलगी मात्र काबाडकष्टांत झिजून मरण पावली होती. १९०३ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत त्यानें ही हकीकत लिहिली आहे.

फिस्कहून १८८८ सालीं पदवी घेऊन तो हार्वर्डला गेला. तेथें १८९५ सालीं त्याला डॉक्टर ही पदवी मिळाली. हार्वर्डची ती पदवी मिळविणारा तो पहिलाच कृष्णवर्णीय. परंतु तेथें तो विद्येपुरताच राहिला; गोऱ्या विद्यार्थ्यांत मिसळण्याची खटपट त्यानें केली नाहीं. जिव्हाळा त्याला नॅशव्हिलमध्येंच लाभला होता.

पुढें डु बॉइस आपल्या समाजाचे थोर पुढारी झाले. १९४६ सालीं डॉ. आंबेडकरांनीं त्यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या व अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या स्थितींतील साम्य दाखविलें, आणि डु बॉइस यांनीं सहानुभूतीनें उत्तर दिलें.

परक्या मुलुखांत रुळणें म्हणजे तेथला पोषाख करणें किंवा तेथले हेल काढणें नव्हे. तेथल्या माणसांचें दुःख परकें वाटेनासें झालें, कीं मनुष्य तेथला होतो. जेवणाच्या दालनांतला आनंद त्या मुलाला पहिल्या दिवशींच मिळाला. उसन्या खुर्चीवर बसून मुलांची वाट पाहिली, तेव्हां कुठें तो खरोखर दक्षिणेचा झाला.