शंभर यंत्रांची राखण

एका लिनक्स सर्व्हरची देखभाल हे एका माणसाचे काम होय. शंभरांची मात्र निव्वळ शंभरपट श्रमांनी होत नसते. प्रत्येक यंत्रात शिरून तीच आज्ञा टंकणारा व्यवस्थापक सत्तराव्या यंत्रापाशी चुकतो, आणि चुकल्याचे त्याला ठाऊकही नसते. मायकेल डीहान यांच्या ‘अ‍ॅन्सिबल’ या साधनाने २०१२ पासून हा भार पुष्कळ हलका केला. यंत्रांची यादी व करावयाची कामे एकदाच लिहून ठेवावी. एसएसएचच्या वाटेने ती सर्वत्र पार पडतात.

तथापि नवी आवृत्ती चढविली म्हणजे धोका टळला, असे नव्हे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला. यंत्राच्या स्मृतीतील गुप्त किल्ल्या त्यातून परक्याच्या हाती पडू शकत. दुरुस्त फाइल डिस्कवर आली, तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम जुनीच प्रत वापरीत राही; तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागे.

घाईही नडते, म्हणून जाणता व्यवस्थापक प्रथम दोन-तीन यंत्रांवरच नवी आवृत्ती चढवितो आणि त्यांचा भार व प्रतिसादाचा वेळ न्याहाळतो. काम कंटाळवाणे खरे! पण २०२४ च्या आरंभी ‘एक्सझेड’च्या ५.६.० व ५.६.१ या नव्या आवृत्त्यांतच कोणी चोरवाट दडविली होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांना एसएसएचने प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले. त्यांनी त्याचा माग काढला आणि २९ मार्च रोजी, बहुतेक सर्व्हरांपर्यंत त्या आवृत्त्या पोचण्यापूर्वीच, तो कावा उघड केला.