लिनोचा ठसा आणि मुलांचे पुस्तक



चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही बोनसवर किंवा महागाईभत्त्यावर बोलू, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही विषय कळवला, 'मुलांच्या पुस्तकांतली छापचित्रे आणि त्यांची प्रदर्शने'. चालकांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. कामगार संघटनेच्या माणसाचा चित्रांशी काय संबंध, असे त्यांना वाटले असेल तर नवल नाही. पण संबंध आहे, आणि तो छापखान्यातला आहे. बाराव्या वर्षी शाळा सोडून आम्ही एका लहानशा ट्रेडलच्या छापखान्यात फर्म्यांना घड्या घालण्याच्या कामावर लागलो. गोष्टींच्या पुस्तकांचे फर्मे हाताखालून जात. घडी चुकली की पैसे कापले जात. फर्मा वाचीत बसलो तरी कापले जात. पुढे जुळाऱ्याच्या हाताखाली गेलो आणि नीट वाचायला शिकलो ते खिळ्यांवरून, म्हणजे उलट्या अक्षरांवरून. तेव्हा ठसा ही वस्तू आम्हांला चित्रकाराच्या आधी कामगाराच्या बाजूने माहीत आहे.

लिनो म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. हे मूळचे जमिनीवर अंथरण्याचे आच्छादन. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८६३ साली त्याचे पेटंट घेतले. जवसाचे तेल आटवून त्यात बुचाच्या झाडाचा भुसा मिसळायचा आणि तो लगदा तागाच्या कापडावर दाबून बसवायचा. लाकडाला रेषा असते, ती कोरणीला आडवी येते. लिनोला रेषा नाही. शिवाय ते स्वस्त. म्हणून ते मुलांच्या हाती आणि गरीब चित्रकारांच्या हाती आले. जेवढे कोरून काढाल तेवढे कागदावर पांढरे राहते, जेवढे सोडाल तेवढे काळे उमटते. आणि सगळे उलटे उमटते, हे जुळाऱ्याला सांगावे लागत नाही.

आपल्या देशात या ठशाचे मुलांच्या पुस्तकातले सर्वांत सुंदर काम नंदलाल बोस यांनी केले, असे आमचे मत आहे. रवींद्रनाथांनी बंगाली मुलांसाठी 'सहज पाठ' हे पहिले वाचन लिहिले. ते १९३० साली निघाले. त्यातली चित्रे नंदलालांच्या लिनोच्या ठशांची. काळा-पांढरा, एवढाच मामला. नुकते अक्षर ओळखू लागलेल्या मुलाला ज्या तऱ्हेचा ठळकपणा लागतो, तो त्यात आहे. त्याच १९३० साली, दांडीयात्रेच्या निमित्ताने, त्यांनी हातात काठी घेऊन चालणारे गांधीजी लिनोत कोरले. ते चित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. ज्या हाताने ज्या वर्षी मिठाचा सत्याग्रह कोरला, त्याच हाताने त्याच वर्षी पोरांचे पहिले पुस्तक सजवले. त्यांना त्यात लहान काम आणि मोठे काम असा भेद वाटला नसावा.

आता प्रदर्शनाकडे वळू. व्हिएन्ना शहरात फ्रांत्स चिझेक नावाच्या शिक्षकाने १८९७ साली मुलांसाठी चित्रकलेचा वर्ग सुरू केला. फी नव्हती. मुलांनी मोठ्यांची नक्कल करू नये, एवढाच त्यांचा आग्रह. मुले कागद कातरीत, लाकडाचे आणि लिनोचे ठसे कोरीत. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया हरली आणि व्हिएन्नात उपासमार झाली. तेव्हा फ्रान्सेस्का विल्सन या इंग्रज बाईंनी ही चित्रे लंडनला नेली, १९२० साली त्यांचे प्रदर्शन भरवले आणि 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेच्या निधीसाठी पैसे उभे केले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ज्या देशाशी युद्ध चालू होते, त्या देशाच्या मुलांसाठी इंग्रज माणसाने खिशात हात घातला, ही गोष्ट लहान नव्हे. ती चित्रे बहुतेक आनंदाची होती. सण, झाडे, ऋतू. भूक दाखवून मदत मागितली नाही; मूल काय करू शकते ते दाखवून मागितली.

आमचा स्वतःचा जीव मात्र दुसऱ्या एका चित्रकाराने ओढून घेतला आहे, आणि तो मुंबईत, अंधेरीला राहत असे. चित्तप्रसाद भट्टाचार्य. जन्म १९१५, मृत्यू १९७८. १९४३ च्या दुष्काळात त्यांनी मेदिनीपूर जिल्हा पायाखाली घालून माणसांची चित्रे काढली. 'हंग्री बंगाल' ही ती पुस्तिका इंग्रज सरकारने जप्त करून जाळली. पुढे ते पक्षाच्या कामातून बाजूला झाले आणि अंधेरीत हलाखीत राहिले. आजूबाजूच्या मुलांसाठी कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करीत. त्याच काळात त्यांनी कामाला जुंपलेल्या आणि रस्त्यावर झोपणाऱ्या मुलांची लिनोचित्रे कोरली. मालिकेचे नाव मराठीत सांगायचे तर 'परीकथांवाचूनचे देवदूत'. युनिसेफच्या डॅनिश समितीने १९६९ साली ती पुस्तकरूपाने काढली. तिकडे डेन्मार्क हा अँडरसनच्या परीकथांचा देश, हे लक्षात घेतले म्हणजे ते नाव अधिकच बोचते.

या ठशांत एक कारागिरीची गोष्ट आहे. रात्र दाखवायला चित्रकाराला कष्ट नाहीत. लिनो आहे तशी ठेवली की रात्र झाली. झोपलेल्या मुलाच्या पाठीवरचा उजेड मात्र एकेक चरा काढून आणावा लागतो. चित्तप्रसादांची मेहनत सगळी त्या उजेडात गेली आहे. ही चित्रे कींव मागत नाहीत, ती आपल्याकडे टक लावून पाहतात.

अलीकडे बालपण आणि बालपुस्तके या विषयावर छापचित्रांची प्रदर्शने भरतात. चित्रकार आपल्या लहानपणच्या पुस्तकांतली चित्रे आठवून काही नवे कोरतो. आम्ही ती आवडीने पाहतो. पण प्रत्येक वेळी मनात येते की, ज्याच्या लहानपणी पुस्तकच नव्हते त्याने काय आठवावे? हा प्रश्न जुना झालेला नाही. १९८६ साली बालकामगारांचा कायदा झाला, २०१६ साली तो दुरुस्त होऊन चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी आली. पण शाळेच्या वेळेनंतर घरच्या धंद्यात मदत करण्याची मुभा ठेवली. त्या घरात काका-मामाही धरले आहेत. गेल्या वर्षी एका बाइंडिंगच्या कारखान्यात घड्या घालणारा पोरगा पाहून आम्ही चौकशी केली. मालक म्हणाले, "पुतण्या आहे." सकाळचे अकरा वाजले होते.

दुसरी हरकत ठशाच्या संख्येची. चित्राखाली पेन्सिलने लिहितात, पंचविसांपैकी तिसरी प्रत. आणि पंचवीस झाल्या की ठशावर चरे ओढून तो बाद करतात. चित्रकाराला पोट आहे, त्याची मजुरी कुणी ठरवून दिलेली नाही, हे आम्ही जाणतो. जपून छापलेल्या पंचवीस प्रती त्याने अवश्य विकाव्यात. पण मुलाच्या पुस्तकातून निघालेला ठसा धड असताना तो मारून टाकणे आमच्या धंद्याच्या माणसाला सोसत नाही. आणि चौकटी टांगतात त्या साडेपाच फुटी माणसाच्या डोळ्यांच्या बेताने. मुलाला दिसतो तो चौकटीचा खालचा काठ.

आमच्या संघटनेच्या कचेरीत दर रविवारी छपाई-बांधणी कामगारांची मुले लिनो कोरतात. लिनो आधी उन्हात ठेवावी लागते, म्हणजे मऊ पडते. गेल्या दिवाळीत त्यांचे प्रदर्शन मांडले. दोरीला चिमट्यांनी चित्रे लावली, जमिनीपासून तीन फुटांवर, त्यामुळे मोठ्यांना उकिडवे बसून पाहावे लागले. एका बाइंडरच्या मुलीने आईचा घडी घालणारा हात कोरला होता, नुसता हात, हाडाची पट्टी धरलेला. किंमत दहा रुपये ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रती संपल्या. ठसा होताच, रात्री पुन्हा शाई लावली.