आधी शंभर दाणे उगवून बघा



स्वागताध्यक्षांनी मघाशी माझ्या पदव्या वाचून दाखवल्या. त्यांत एक नोंद राहिली, ती मीच सांगतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात प्राध्यापक निवडायला मी विषयतज्ज्ञ म्हणून बसलो होतो. जागा एक, उमेदवार बावीस. प्रत्येकाला पाच-सहा मिनिटं. एका मुलीला प्रश्न आला, "घरी शेती किती?" तिनं पुढे सरकवलेली जाडजूड फाईल कुणी उघडलीही नाही. संध्याकाळी पोहे आले, पाठोपाठ कोरा गुणतक्ता आला. "सर, तुम्ही फक्त सही करा, आकडे आम्ही भरतो." मी सही केली. गुणवत्तेवर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की तिचा गळा कसा दाबतात ते मी जवळून पाहिलंय. हातही लावलाय.

हे नेवाशात उभं राहून सांगताना जीभ जड होते. आळंदीच्या ज्ञानेश्वरादी भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मसभेपुढे जावं लागलं, असं परंपरा सांगते. तीही निवड समितीच होती म्हणा. ज्ञानेश्वरी मात्र इथे, या गावात, शके 1212 मध्ये पुरी झाली.

कुणी म्हणेल, नियम आहेत. आहेत ना! विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम काढून वाचा. पदवी, पदव्युत्तर पदवी, पीएच.डी., नेट-सेट, शोधनिबंध, सगळ्याला गुण. अनुभवाला वर्षाला 2, आणि 10 झाले की बस्स. म्हणजे पाच वर्षं शिकवलेला आणि तासिका तत्त्वावर बारा वर्षं झिजलेला, दोघे सारखेच. बरं, हे गुण कशासाठी? मुलाखतीला बोलावण्यापुरते. अंतिम निवड केवळ मुलाखतीवर. आयुष्यभर कमावलेलं सगळं चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचं आणि आत जाऊन शेती किती ते सांगायचं.

त्याच नियमांत असंही आहे, की समितीचं काम बैठकीच्याच दिवशी पुरं व्हावं आणि गुणतक्त्यासह इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या व्हाव्यात. सह्या होतात. त्याच दिवशी होतात. या बाबतीत आपण फार नियमप्रिय आहोत.

आणि गुणवत्तेच्या नावानं गळा काढतो तो कुणाविरुद्ध? आरक्षणाविरुद्ध! अहो, बिंदुनामावली तपासता येते, तिच्यावर शिक्का असतो. पाकीट कोण तपासतं? खुल्या जागेचा भाव किती आणि राखीव जागेचा किती, याची चर्चा करणारे या मांडवातही बसलेत. बापाची दोन एकर विकून नोकरी घेतलेला मास्तर वर्गात आधी काय शोधणार, कवितेचा अर्थ की गेलेली दोन एकर?

आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात, राहीबाई पोपेरे आहेत. शाळेची पायरी चढल्या नाहीत. गावरान वाण जपले, बियाण्यांची बँक उभी केली, 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, त्याच जिल्ह्यात ही बाई. तिला प्राध्यापक करा, असं मी म्हणत नाही. नाहीतर उद्या तेवढंच छापून येईल! मी म्हणतो, तिची कसोटी वापरा. बियाणं चांगलं की वाईट, हे ती पुडीवरचा शिक्का बघून ठरवत नाही.

तुम्ही शेतकरी तरी कुठे ठरवता? सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळता. चार-पाच दिवसांनी उलगडता. सत्तर उगवले तर पेरता, पन्नास उगवले तर दुकानदाराच्या अंगावर जाता. एका हंगामाच्या बियाण्याला एवढी परीक्षा, आणि तीस वर्षं तुमच्या पोरांपुढे उभा राहणार त्याला सहा मिनिटं?

उमेदवाराला वर्गात उभं करून पाठ घ्यायला लावण्याची मुभा 2018 च्या नियमांतच आहे. मग घ्या ना! बंद खोलीत नको, खऱ्या वर्गात, मागच्या बाकावरची पोरं बसवून. गुण तिथल्या तिथे फळ्यावर लिहा. संस्थाचालक म्हणतील, वेळ लागतो. पोह्यांना लागतो तेवढाच लागेल.

या मांडवात विषयतज्ज्ञ म्हणून बोलावणं येणारे निदान पंधरा जण आहेत. चेहरे ओळखतो मी, नावं घेत नाही. पुढच्या वेळी कोरा तक्ता समोर आला, तर पेनाचं टोपण काढू नका.